बसून फेकलेला भाला: दीपा मलिक यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द

भालाफेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नीरज चोप्रा येतो. महिलांमध्ये अन्नू राणी. तिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटरवर भाला टाकून सुवर्ण जिंकलं. आज मात्र मी एका वेगळ्या, खूप छोट्या फेकीपासून सुरुवात करणार आहे. २०१८ साली जकार्तामध्ये, दिव्यांगांच्या आशियाई स्पर्धेत, दीपा मलिक यांनी अशाच फेकीवर कांस्यपदक मिळवलं.

हसू आलं का कुणाला? येऊ शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण एक छोटा प्रयोग करू. तुम्ही सगळे खुर्चीत बसलेलेच आहात. पाठ खुर्चीपासून सुटी करा. आता दोन्ही पाय जमिनीपासून जरा वर उचला आणि हातात भाला आहे असं समजून तो फेका. काय झालं? पोट ताठ झालं, कंबर आपोआप वळली. धावत येणाऱ्या खेळाडूचा जोर पायातून कंबरेत, कंबरेतून खांद्यात आणि शेवटी हातात जातो. हात हे फक्त शेवटचं टोक. ज्याचं छातीखालचं शरीर लुळं आहे, त्याच्याकडे हे शेवटचं टोकच उरतं. वळायला कंबर नाही, आणि फेकून झाल्यावर तोल सांभाळायला पोटही नाही. भाला मात्र तोच, ६०० ग्रॅमचा, जो अन्नू राणी फेकते.

म्हणून हे खेळाडू एका चौकटीला पट्ट्यांनी बांधून घेतात. आसनाची उंची गादी धरून जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर. पुढे एक उभा दांडा असतो. मोकळ्या हाताने तो धरायचा, अंग ओढायचं आणि दुसऱ्या हाताने फेकायचं. फेकताना बैठक उचलली गेली तर फाऊल.

आता दीपाताईंकडे येऊ. जन्म १९७०, मूळच्या हरियाणातल्या सोनीपतच्या, लष्करी घरातल्या, लग्नही लष्करी अधिकाऱ्याशी. १९९९ मध्ये मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रिया झाल्या. पती तेव्हा कारगिलच्या युद्धात होते. छातीखालचं अंग गेलं. त्यानंतरची बरीच वर्षं त्यांनी आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला काढली. तिथे त्या रेस्टॉरंट चालवत होत्या. खेळायला लागल्या त्या महाराष्ट्राकडूनच, आणि तेही पोहण्यात. २००६ मध्ये क्वालालंपूरला बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य मिळालं. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कारही त्यांना मिळालेला आहे. हरियाणा आणि महाराष्ट्र दोघेही त्यांना आपलं म्हणतात, तर म्हणू देत.

भाला हातात आला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्तीचं बोलतात त्या वयात! २०१० ला ग्वांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत भालाफेकीत कांस्य, २०१४ ला इंचॉनमध्ये रौप्य, आणि २०१८ ला जकार्तात ते कांस्य, शिवाय थाळीफेकीत आणखी एक. लागोपाठ तीन आशियाई स्पर्धांत भालाफेकीचं पदक.

पण पॅरालिंपिकचं पदक भाल्यात नाही. ते गोळाफेकीत आहे. असं का? माझ्या मते या कारकिर्दीतली सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

त्यांचा गट एफ-५३. एफ म्हणजे फील्ड. पन्नाशीतले आकडे मणक्याची दुखापत किंवा तत्सम कारणाने बसून खेळणाऱ्यांचे. आकडा जितका लहान तितकी मर्यादा जास्त. ५३ मध्ये खांदा, कोपर, मनगट चालतं, बोटांच्या ताकदीत थोडी उणीव असू शकते, पोट-पाठ नाही. ५४ मध्ये हात पूर्ण चालतात. असे गट बरेच, आणि प्रत्येक गटासाठी प्रत्येक प्रकार ठेवायचा तर स्पर्धा संपायचीच नाही. म्हणून पॅरालिंपिकच्या प्रत्येक वेळी यादी ठरते: या गटाला भाला, त्या गटाला गोळा. कधी दोन गट एकत्र केले जातात. जकार्तात ५३ आणि ५४ एकत्र होते. सुवर्ण जिंकणाऱ्या इराणच्या एल्हाम सालेहीने १५ मीटरच्या पुढे भाला टाकला. आता ती छोटी फेक पुन्हा बघा.

२०१२ च्या लंडनला भारताने १० खेळाडू पाठवले, त्यात एकही महिला नव्हती. २०१६ च्या रिओत एफ-५३ महिलांसाठी स्वतंत्र भालाफेक नव्हती, गोळाफेक होती. २०११ मध्ये क्राइस्टचर्चच्या जागतिक स्पर्धेत दीपाताईंनी गोळाफेकीत रौप्य घेतलेलंच होतं. त्या गोळ्याकडे वळल्या. १२ सप्टेंबर २०१६, ४.६१ मीटर, रौप्य. बहारीनच्या फातेमा नेधमचं सुवर्ण ४.७६ वर, म्हणजे फरक १५ सेंटिमीटरचा, टीचभर. पॅरालिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. वय ४५.

आपल्याकडे पुढची सगळी वर्णनं इथेच थांबतात. पण त्यानंतर त्या पुन्हा भाल्याकडे आल्या, आणि २०१८ मध्ये दुबईत ५३-५४ च्या एकत्रित भालाफेकीत सुवर्ण जिंकलं. जकार्ता त्याच वर्षीचं. खेलरत्न २०१९ मध्ये मिळालं. २०२० मध्ये त्या भारतीय पॅरालिंपिक समितीच्या अध्यक्ष झाल्या, आणि खेळत असताना पदावर राहता येत नाही म्हणून निवृत्ती जाहीर केली.

त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातच टोकियोत १९ पदकं आली, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. २०२४ ला पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर तिरंगा नांदेडच्या भाग्यश्री जाधवच्या हातात होता. सुमित भालाफेकीचा. भाग्यश्रीही बसूनच फेकते, गोळा आणि भाला दोन्ही. तिचा गट एफ-३४, म्हणजे तिशीतला. हे आकडे मणक्याच्या दुखापतीचे नाहीत, स्नायूंवरच्या नियंत्रणाशी संबंधित आहेत. पॅरिसला तिच्या वाट्याला आला तो गोळाच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.