काट्यावरचं गाठोडं

अकोल्याकडे कापसाची वेचणी बहुधा किलोवर असते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, प्रत्येकीचं गाठोडं वेगळं तोललं जातं आणि वहीत तिच्या नावापुढे आकडा पडतो. निंदण मात्र रोजाने. कोणी किती तण काढलं, हे तिथे कोण मोजणार?

गटात माणसाची मेहनत कशी बदलते, याच्या अभ्यासाची सुरुवातही शेतीच्याच माणसाने केली. मॅक्स रिंगेलमन हे फ्रान्सचे कृषी अभियंते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. आठ जण एकत्र ओढताना प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरला. ताळमेळ नसला की जोर वाया जातो, हे खरंच. पण १९७४ च्या एका प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसाला वाटत होतं की मागेही लोक ओढताहेत. प्रत्यक्षात कोणीच ओढत नव्हतं. तरी त्याचा जोर घटला. पुढे बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू आलं, तर ही ढिलाई ओसरते.

याला नुसता आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दिसत नाही ती मेहनत माणूस किती दिवस करेल? पण काट्यालाही सगळं कळत नाही. ओटी भरायच्या घाईत कापसात पालापाचोळा येतो, आणि नवख्या पोरीला वेचणं शिकवायला थांबलेल्या बाईचं गाठोडं त्या दिवशी हलकं भरतं.