डूलॅली टॅप
डूलॅली टॅप : वेड, बुद्धिभ्रंश किंवा चित्तविक्षेप या अर्थी ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत रूढ झालेली एक जुनी संज्ञा. तिचे मूळ महाराष्ट्रात आहे. ‘डूलॅली’ हा नाशिकजवळील देवळाली या गावाच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश असून ‘टॅप’ हे हिंदुस्थानीतील ‘तप’ (ज्वर) या शब्दाचे रूप आहे. हिंदुस्थानीत तो फार्सीतून आला असून संस्कृत व मराठी ‘ताप’ हा त्याचाच सजातीय शब्द होय. म्हणजे संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘देवळालीचा ताप’ असा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी देवळाली येथे लष्करी छावणी वसविली. मुंबईशी लोहमार्गाने जोडलेले आणि मुंबईपेक्षा कोरड्या हवेचे हे ठिकाण सैनिकांच्या येण्याजाण्याच्या सोयीचे होते. इंग्लंडहून आलेले सैनिक येथे उतरत आणि सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे राहत. १८७० च्या कायद्याने ब्रिटिश सैन्यात अल्प मुदतीची सेवा सुरू झाल्यावर अशा मुदत संपलेल्यांची संख्या वाढली. परंतु सैनिकांची जहाजे मुख्यतः थंडीच्या दिवसांतच सुटत. त्यामुळे तो हंगाम हुकलेल्यांना उन्हाळा व पावसाळा छावणीतच काढावा लागे. शस्त्रे जमा झालेली, नेमून दिलेले काम थोडे आणि घर दूर अशा अवस्थेत कित्येक जण मद्यपानाकडे वळत, शिस्तभंगाबद्दल शिक्षा भोगीत, हिवतापाने वा गुप्तरोगाने आजारी पडत. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात असलेल्या फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने आपल्या आठवणींत (१९३६) या संज्ञेचा उगम छावणीतील कंटाळ्यामुळे बिघडलेल्या वर्तनात असावा, असे मत मांडले आहे. तेथील मनोरुग्णालयामुळे हा शब्द रूढ झाला, असेही सांगितले जाते; तथापि दीर्घकाळच्या सक्तीच्या प्रतीक्षेचे कारण अधिक समर्पक वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सैनिकी शब्दांच्या एका कोशात ही संज्ञा नोंदविली गेली. पुढे ‘टॅप’ हे पद गळून पडले आणि नुसते ‘डूलॅली’ हे विशेषण इंग्रजी बोलभाषेत, बहुधा विनोदाने, प्रचारात राहिले. स्थलनामापासून वेडाचा वाचक शब्द बनल्याचे दुसरे उदाहरण म्हणजे ‘बेडलम’. लंडनमधील बेथलेहेम रुग्णालयाच्या नावाचे ते संक्षिप्त रूप असून त्यास पुढे गोंधळ, कल्लोळ असा अर्थ आला. तेथील नाव निदान रुग्णालयाचे होते. देवळालीचे नाव मात्र तेथे खोळंबलेल्या परक्या सैनिकांच्या व्यथेमुळे वेडाशी जोडले गेले. शब्द विनोदी ठरला आणि त्यामागील व्यथा विस्मृतीत गेली. स्वातंत्र्योत्तर काळात देवळाली भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षणकेंद्र म्हणून प्रसिद्ध आहे.