स्नायुरोपण आणि प्राणि-प्रतिमाने

साहित्यविचारात ‘प्रतिमान’ म्हणजे निकष. प्रायोगिक वैद्यकात प्रतिमान म्हणजे माणसाच्या जागी अभ्यासासाठी घेतलेला प्राणी. पुनर्रचनात्मक सूक्ष्मशस्त्रक्रियेतील स्नायुरोपणाचा अभ्यास अशाच प्रतिमानांवर उभा राहिला. स्नायू त्याची रोहिणी, नीला व तंत्रिका यांसह सोडवून शरीराच्या दुसऱ्या भागात नेणे व तेथील वाहिन्यांशी आणि तंत्रिकेशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडणे, हे या रोपणाचे स्वरूप होय. त्यात दोन प्रश्न संभवतात: स्नायू जगेल काय, आणि जगल्यास काम करील काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रक्ताभिसरणावर अवलंबून असते. १९६० साली जेकबसन व सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखविल्या. १९७० साली जपानमधील सुसुमु तामाई व सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील स्नायुरोपणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर १९७३ मध्ये शांघाय येथे छातीचा स्नायू रुग्णाच्या अग्रबाहूत बसविण्यात आला. १९७६ मध्ये हारी व सहकाऱ्यांनी मांडीतील स्नायूने लुळ्या चेहऱ्यास हालचाल मिळवून दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. रक्त मिळताच स्नायू तगतो. परंतु तंत्रिकातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढत त्याच्यापर्यंत पोहोचेतो तो निश्चेष्टच राहतो. त्यामुळे प्रयोगात स्नायूचा रंग पाहून भागत नाही. तंत्रिकेस विद्युत्-उद्दीपन देऊन आकुंचनाचे बळ मोजावे लागते व विरुद्ध बाजूच्या अखंड स्नायूशी त्याची तुलना करावी लागते.

येथे प्राण्याची निवड निर्णायक ठरते. उंदराच्या मांडीतील रोहिणी जेमतेम १ मिलिमीटर व्यासाची असते. हाताच्या सरावास व रक्तपुरवठा खंडित होण्याच्या परिणामांच्या अभ्यासास ती सोयीची. मात्र उंदरात तंत्रिकेस अल्प अंतर कापावयाचे असते आणि तिची पुनर्वाढही जोमदार असते. माणसाच्या हातात याच प्रवासास अनेक महिने लागू शकतात. म्हणून उंदरातील यश माणसाबाबत फाजील आशा निर्माण करू शकते. ससा व कुत्रा यांचे स्नायू मोठे असल्याने बळाचे मापन सुकर होते. पण त्यांच्या वेदनेचा प्रश्नही टाळता येत नाही. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर बंधने घातली आहेत.

प्राणी आकुंचनाचे बळ दाखवू शकतो. रोपित स्नायूने हवे तेव्हा हसू उमटविणे रुग्णास साधेल की नाही, हे मात्र रुग्णाकडूनच कळते.