फ्लॅट रेट म्हणजे नेमकं काय? वांगणीच्या रोपांचं पार्सल आणि चार गैरसमज

वांगणीच्या नर्सऱ्यांमधलं रोप आता फक्त लोकलच्या डब्यातून कल्याण-ठाण्याला जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून नाशिकचा, नागपूरचा माणूस ऑर्डर देतो आणि लगेच विचारतो, ‘डिलिव्हरी फ्लॅट आहे ना?’ या एका शब्दावरून विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यात बरेच खटके उडतात, म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा.

‘फ्लॅट रेट म्हणजे कितीही वजन, कुठंही, एकच पैसे.’ असं सहसा नसतं. 1 ऑक्टोबर 1854 पासून आपल्याकडे पत्राला देशभर एकच दर लागू झाला, पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा. त्या दरातून अंतर गेलं, वजन मात्र राहिलं; तोळा वाढला की आणे वाढायचे. आजच्या स्पीड पोस्टमध्ये 1 ऑक्टोबर 2025 पासून 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक हद्दीत 19 आणि बाहेर देशभर कुठंही 47 रुपये पडतात, वर 18 टक्के जीएसटी. पण पाकीट 51 ते 250 ग्रॅमचं झालं की अंतर पुन्हा मोजलं जातं: 200 किलोमीटरपर्यंत 59, 2000 च्या पुढे 77. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेला ‘एकाच दराचा खोका’ खरा आहे. देशांतर्गत 70 पौंडांपर्यंत त्याला एकच दर लागतो. मात्र खोका त्यांच्या पोस्टाचाच हवा आणि झाकण मूळ घडीवर बंद व्हायला हवं.

‘रोप हलकं आहे, म्हणजे पार्सल स्वस्त.’ सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पार्सलला प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लावले जातात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे 5000 ने भागायची. समजा, 900 ग्रॅमचं जास्वंदीचं रोप 60 × 20 × 20 च्या खोक्यात उभं बसवलं. 24000 भागिले 5000, म्हणजे 4.8 किलो! तेच रोप शेंड्याकडून थोडं छाटलं, मुळांभोवतीची जास्तीची माती काढून ओल्या कोकोपीटमध्ये बांधलं आणि खोका 40 सेंटीमीटरचा केला, तर हिशेब 3.2 किलोवर येतो. खोका कापायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न दिल्यामुळे महाग पडलेलं पार्सल मला खरोखर खटकतं, कारण तो पैसा ना रोपवाल्याला मिळतो ना गिऱ्हाइकाला.

‘फ्री शिपिंग म्हणजे पोस्टाचे पैसे लागलेच नाहीत.’ लागतात, ते किमतीत मिसळलेले असतात. यात गैर काही नाही. गैर होतं ते दुकानावर 80 रुपयांना मिळणारं रोप ‘फ्री डिलिव्हरी’सह 220 ला देऊन, वरचे 140 कशाचे ते न सांगण्यात.

‘पुस्तकं असं लिहिलं की स्वस्तात जातं.’ मे 2025 मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही खरी अंतरमुक्त सोय आहे: 300 ग्रॅमला 20 रुपयांपासून 5 किलोला 100 रुपयांपर्यंत, कर वेगळा. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे. त्यांवर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं, जाहिरातींची पुस्तिका चालत नाही. त्यात बियांची पाकिटं सरकवणं म्हणजे खेड्यातल्या विद्यार्थ्यासाठी केलेल्या सवलतीवर डल्ला मारणं. किंमत कमी लिहिण्याचंही तसंच. विमा उतरवलेलं दोन हजारांचं बोन्साय ‘200 रुपये’ लिहून पाठवलं आणि वाटेत मोडलं, तर भरपाईसाठी आधार तोच 200 चा आकडा.

वांगणीच्या विक्रेत्यानं ऑर्डर घेतानाच एक ओळ टाकावी: ‘रोप 80, पॅकिंग 30, पोस्ट वजन आणि खोक्याप्रमाणे, पावतीचा फोटो पाठवतो.’ ज्याला सरसकट दरच ठेवायचा आहे, त्यानं तो कोणत्या खोक्यापर्यंत आणि कोणत्या जिल्ह्यांपर्यंत, हेही तिथंच लिहावं.