स्पेशल, जनरल आणि आता ओई

नाशिकच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आता ‘ओई’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या विद्याशाखेबाहेरचा निवडीचा विषय. राज्य सरकारच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने तो पदवीच्या रचनेत आणला. स्वायत्त कॉलेजांत त्याच वर्षी आणि संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवी रचना लागू झाली. नियम स्पष्ट आहे: मेजर, म्हणजे मुख्य विषय, ज्या शाखेतला, ओई त्या शाखेतला चालणार नाही. बी.कॉम.वाल्याने विज्ञानाकडे किंवा कलाशाखेकडे वळायचे, बी.एस्सी.वाल्याने इतिहासात किंवा अर्थशास्त्रात डोकावायचे.

हे सगळे नवे वाटते, पण शाखेबाहेर काहीतरी शिकवावे हा आग्रह जुनाच आहे. नाशकात त्याचा माग काढायचा तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

1924 साली गोखले एज्युकेशन सोसायटीने शहरातले पहिले कॉलेज काढले. तेच आजचे एचपीटी. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते आणि विषयांची मांडणीही मुंबईहून ठरून येई. वि. वा. शिरवाडकर 1934 साली याच कॉलेजातून मराठी आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. पण त्या वर्षांतले त्यांचे खरे शिक्षण वेळापत्रकाबाहेरही चालू होते. ‘रत्नाकर’ मासिकात कविता छापून येत होत्या आणि 1932 मध्ये ते काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात उतरले होते. यातल्या कशालाच मार्क नव्हते. आज ‘समाजाशी जोडून घेणारा उपक्रम’ म्हणून अशा कामाला क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, देण्याची तरतूद आहे.

1949 हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि नाशिक जिल्हा त्याच्या कक्षेत आला. त्याच वर्षी डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने अहवाल दिला. पदवीच्या विद्यार्थ्याला सामान्य शिक्षणही मिळायला हवे, विज्ञानाच्या मुलाला समाजशास्त्रे आणि कलेच्या मुलाला विज्ञान थोडेतरी कळायला हवे, अशी आयोगाची शिफारस होती. म्हणजे 2023 च्या शासन निर्णयातला विचार पाऊणशे वर्षांपूर्वीच कागदावर आला होता.

कागदावरून वर्गात मात्र तो फार उतरला नाही. पुणे विद्यापीठाच्या बी.ए.ला पुढची अनेक दशके ‘स्पेशल’ आणि ‘जनरल’ची भाषा चालली. दुसऱ्या वर्षी एस-वन, एस-टू आणि जी-टू, तिसऱ्या वर्षी एस-थ्री, एस-फोर आणि जी-थ्री. इतिहास स्पेशल घेणाऱ्याला अर्थशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा जनरल पेपर घेता येई. ही निवड खरी होती, पण शाखेच्या कुंपणाच्या आतली. बी.एस्सी.च्या मुलाला मराठी नाटकाचा पेपर घ्यायचा असेल, तर तशी सोयच नव्हती.

कुंपणाबाहेरचे जे काही आले, ते बहुतेक वेळा वरून आले. 1962 च्या चीन युद्धानंतर विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली, 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला 120 तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हे तिचे आजचे स्वरूप आहे. 1994-95 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीबरोबर व्यावसायिक विषय आणले. 2003-04 पासून त्याच योजनेला प्रमाणपत्र आणि पदविकेचे जोड-अभ्यासक्रम असे रूप मिळाले.

पर्यावरणाची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. तो विषय कॉलेजात आला तो न्यायालयातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये आदेश दिले आणि सर्व शाखांसाठी एकच सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या डॉ. इराच भरुचा यांनी. व्याख्याने 50, गुण 100, त्यातले 25 प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे. शेवटच्या घटकात नेमके काय करायचे हेही लिहिले होते: जवळची नदी, डोंगर किंवा गवताळ रान पाहून नोंदी करा, एखाद्या प्रदूषित जागेला भेट द्या, परिसरातल्या झाडांची, किड्यांची, पक्ष्यांची ओळख करून घ्या.

नाशिकसाठी हा घटक जणू बेतूनच काढला होता. रामकुंडाखालची गोदावरी आहे, अंजनेरीचा डोंगर आहे, निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ आहे, जे 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पण शेकड्यांनी मुले आणि शिकवायला वेगळा शिक्षक नाही, अशा स्थितीत क्षेत्रकार्याचे काय होते, हे सांगायला नको. मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टवरून पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट उतरतो. गोदावरीचे प्रदूषण नदीकाठी न जाताही वीस पानांत मावते.

2019-20 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पदवीला ‘चॉइस बेस्ड क्रेडिट सिस्टीम’ ही श्रेयांक पद्धत आणली. तिच्याबरोबर लोकशाही, निवडणूक आणि शासन हा विषय आला, शारीरिक शिक्षण आले. पद्धतीच्या नावात ‘चॉइस’ होता, पण हे विषय सगळ्यांना सारखेच होते.

याच्या बऱ्याच आधी निवडीचा एक वेगळा रस्ता नाशकातच तयार झाला होता. 1 जुलै 1989 रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन इथे त्याचे मुख्यालय उभे राहिले. नोकरी करणाऱ्याला, शेतकऱ्याला, संसारातल्या बाईला आपल्या सोयीने विषय घेता यावा, हा त्याचा हेतू. एप्रिल 2022 मध्ये अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली, तेव्हा नेहमीच्या कॉलेजातल्या मुलांनाही हे दार उघडले. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ 2017 पासून आहेच. 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून मिळवता येतात.

म्हणजे आज नियम आडवा येत नाही. आडवे येते ते वेळापत्रक आणि वर्कलोड. कोणता ओई चालवायचा हे पुष्कळदा मुलांच्या आवडीवर ठरत नाही. कोणत्या विभागाच्या तासिका कमी पडतात आणि कोणती वर्गखोली कोणत्या वेळी रिकामी आहे, यावर ते ठरते. एका क्रेडिटला 15 तासिका, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला सत्रभरात 30. एवढ्यात पाया घालता येतो, पण शिक्षक त्या विषयाचाच असेल तर. यादीत चार नावे आणि प्रत्यक्षात एकच वर्ग भरणार असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

शंभर वर्षांत आयोग, न्यायालय आणि सरकार यांनी आपापल्या परीने हुकूम काढले. कॉलेजांनी स्वतःहून बाहेरचा विषय उभा केल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी. आता ओईच्या विषयांची टोपली भरायची मुभा विद्यापीठ आणि स्वायत्त कॉलेजांकडे आहे. पांडवलेणीतले शिलालेख, द्राक्षबागेचे अर्थशास्त्र, गोदेच्या पाण्याची तपासणी, यांतला एकेक विषय नाशकातच नीट शिकवता येईल. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एवढे करावे: अर्जावर टिक करण्याआधी हा विषय कोण शिकवणार, कोणत्या वेळेला आणि परीक्षा कशी घेणार, हे कॉलेजला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.