म्हशीच्या शिंगाला मोरपीस

कोल्हापुरात पाहुण्यांची पोरं आली की आम्ही काय दाखवतो? अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि संध्याकाळी भेळ. दीड दिवसात शहर संपतं. जाताना पाहुणे म्हणतात, मुलांसाठी तुमच्याकडं खास असं काही नाही. खरं आहे. पण कोल्हापूर बघायचं असतं ते तिथी बघून. कुठल्या महिन्यात आलात, त्यावर कुठलं कोल्हापूर भेटणार ते ठरतं.

आमच्या धाकटीचं वर्ष सुरू होतं दिवाळीच्या पाडव्याला, आणि तेही म्हशींमुळं. पाडवा आणि भाऊबीजेला गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. अंग भादरून तुळतुळीत केलेलं, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात तोडे. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फडफडवत पुढं सुटतो आणि त्याची म्हैस शेपूट वर करून मागं धावते. दावं नाही, काठी नाही. त्या आवाजावर आणि मालकाच्या हाकेवर ती गर्दीतून वाट काढते. गेल्या वर्षी शनिवार पेठेत धाकटी माझ्या खांद्यावर, दोन्ही कान गच्च दाबून बसली होती. म्हैस थांबल्यावर खाली उतरली आणि मालकाला विचारलं, "काका, ही पळून नाही जात?" तो हसला. "आमची हाय न्हवं ती! कुठं जातीया?" मग त्यानं तिचा हात धरून म्हशीच्या कपाळावर ठेवला. घरी येईपर्यंत तिनं तो हात कशालाच लावला नाही.

त्याच रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो. डोळ्यांदेखत पिळलेलं धारोष्ण दूध, पेल्याच्या वर बोटभर फेस. पिशवीतल्या दुधावर वाढलेल्या पोराला दूध कोमट असतं हेच आधी पटत नाही.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात. पोरांना साडेतीनला उठवणं हे खरं दिव्य. पण तिथं पणती लावायला कुणी कुणाला अडवत नाही, आणि एक पणती स्वतः लावलेलं पोर पुढच्या वर्षी आपणहून उठतं.

अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. हा सण इंग्रजी तारखेनं चालतो, कारण तो चंद्राचा नाही, सूर्याचा आहे. मंदिर पश्चिमाभिमुख. मावळतीचे किरण महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा परंपरेचा हिशेब. ढग आले, हवेत धूळ असली किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर किरण पायरीवरच विझतात. आम्ही गेलो तेव्हा तसंच झालं. थोरला हिरमुसला आणि त्यानंतर आठवडाभर घराच्या खिडकीतून भिंतीवर पडणाऱ्या उन्हाला रोज पेन्सिलीनं खूण करत होता. शाळेत उत्तरायण शिकवून झालं होतं. कळलं ते इथं.

माघात जोतिबाचे खेटे सुरू होतात. लागोपाठ पाच रविवार लोक पहाटे वाडी रत्नागिरीचा डोंगर अनवाणी चढतात. आठ-दहा वर्षांचं पोर एखादा खेटा मजेत करतं. चैत्र यात्रेचं मात्र स्पष्ट सांगतो, लहान मुलांना त्या दिवशी डोंगरावर नेऊ नका. लाखोंची गर्दी, वर गुलाल. त्याऐवजी आदल्या दिवसांत वाटेनं जाणाऱ्या सासनकाठ्या दाखवा. भली उंच काठी तोलत चाललेला माणूस आणि चहूबाजूंनी दोर ताणून धरणारी माणसं बघितली की "चांगभलं" शिकवावं लागत नाही.

उन्हाळा आमचा कोरडाच जातो. मग पाऊस, बेंदराला कुंभाराकडची मातीची बैलजोडी, आणि आषाढ. नदीला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून लेकी-सुना डोक्यावर कलश घेऊन ते पाणी टेंबलाई देवीच्या पायरीवर ओतायला निघतात. पुढं पिपाणी आणि ढोल. पिपाणीची 'पी' आणि ढोलाचा 'ढबाक', म्हणून त्या वाद्यांचं नावच 'पी ढबाक'. पोरांनी ठेवावं असं नाव. कलश कुमारिकांच्याही डोक्यावर असतो, त्यामुळं आमच्याकडं यंदा कुणाची पाळी यावरून भांडण ठरलेलं. संध्याकाळी गल्लीत मटणाचे वाटे पडतात, तो भाग थोरल्याचा. श्रावणात पुराचं पाणी बघायला जाणं हाही आमच्याकडं सणच होता. 2019 च्या महापुरानंतर त्यातली मजा गेली.

टेंबलाईची गोष्ट नवरात्रात पुरी होते. रुसलेल्या त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईलाच, भेटायला ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याच्या फोडीसाठी झुंबड उडते. न बोलावल्यामुळं मैत्रीण रुसली, हे कारण पोरांना लगेच पटतं. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, शमीपूजन होतं, बंदुकांच्या फैरी झडतात आणि सोनं लुटायला माणसं तुटून पडतात. त्या लुटीत थोरल्याच्या एका पायातली चप्पल गेली, हातात आपट्याची फांदी आली. सौदा त्याला मान्य होता.

गणपती मुद्दाम शेवटी ठेवले. कुंभार गल्लीतून मूर्ती आणणं, घरच्या गणपतीचं विसर्जन, सगळं पोरांसोबत करावं. पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत लेझर आणि डॉल्बीच्या भिंतींपुढं लहानग्यांना उभं करणं मला पटत नाही. छातीत धडकी भरवणारा आवाज त्यांना सण म्हणून का सांगायचा?

तेव्हा यायचं ठरवलंत तर आधी कालनिर्णय उघडा, हॉटेल नंतर बघा. आणि पाडव्याला येणार असाल, तर पोरांच्या कानात घालायला कापूस घेऊन या.