भिंत जाड, म्हणून भक्कम?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली सापडून मृत्युमुखी पडली. तेथील कित्येक दगडमातीच्या भिंती दोन फुटांहूनही जाड होत्या. मग त्या का ढासळल्या?

अशा भिंतीत आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन थर असतात; मधल्या पोकळीत चिपा व माती भरतात. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात. त्यात माळवदाच्या मातीचे वजन.

म्हणून दगडी घर बांधताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या जाडीइतका लांब असा आरपार दगड बसवावा. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना बांधणारा सळया घातलेल्या काँक्रीटचा अखंड पट्टा द्यावा. गिलाव्यानंतर यातले काहीच दिसत नाही. तेव्हा बांधकाम चालू असतानाच पाहून घ्यावे.